दुसऱ्या पट्ट्याच्या सुऱ्या

नेल्सी बोर्तोलांझाला नुसत्या सुरीवरून माणूस ओळखता येई, आणि त्यात तिला काही मोठंसं वाटत नसे. टोक झिजलेलं असलं की सुरी मार्लिझेची. मार्लिझेचा अंगठा अधू, सगळं काम ती पात्याच्या टोकाकडच्या दोन बोटांएवढ्या भागावर उरकायची. मुठीजवळची धार बसलेली असली की रोझलीनची. हैतीहून आलेली ही उंच बाई हाडावर वरून असा जोर द्यायची की जणू हाडाशी तिचं जुनं वैर आहे. नेल्सी एकीचं टोक बारीक करी, दुसरीची मुठीकडची धार जरा जाड ठेवी, म्हणजे ती टिके. नियमाप्रमाणे सुऱ्या सगळ्यांच्या सामाईक. पण टोपलीत ज्या क्रमानं बायका पट्ट्यावर उभ्या राहत त्याच क्रमानं त्यांच्या सुऱ्या खोचलेल्या असत, आणि त्याच क्रमानं परत जात. यात नियम कुठे मोडला? नेल्सीला तरी दिसत नव्हता.

सांता उर्सुला गावात जगण्याचे दोनच मार्ग होते. निम्म्या घरांतली माणसं कारखान्यात पांढरे बूट घालून उभी असत, आणि उरलेल्या घरांतली त्याच कारखान्यासाठी शेडांत कोंबड्या वाढवत. नेल्सी अठराव्या वर्षी पट्ट्यावर उभी राहिली. मांडी उचलायची, दोन चिरा द्यायच्या, हाड मोकळं करायचं, मांस एकीकडे, हाड दुसरीकडे. मिनिटाला चार. दहा अंशांच्या थंडीत चौदा वर्षं. मग उजवं मनगट संपावर गेलं. डॉक्टरांनी कापून शिवलं आणि पट्ट्यावर परत जायचं नाही असं लिहून दिलं. साहेबांनी मोठ्या उपकाराच्या सुरात तिला धारेच्या खोलीत बसवलं.

तिथे म्हातारा अर्कांजेलो होता. त्यानं पहिला आठवडाभर तिला निसण्याला हातसुद्धा लावू दिला नाही. पट्ट्यामागे उभं केलं.

"सुरीकडे काय बघतेस? कोपर बघ," तो ओरडायचा. "बाईचं कोपर वर जायला लागलं की समजायचं, धार गेली. तिला स्वतःला कळायच्या आधी तुला कळलं पाहिजे."

अर्कांजेलो जाऊन आता बारा वर्षं झाली होती. खोली नेल्सीच्या हाताखाली चाले. ती, इव्होने आणि दोन पुरुष, असे चौघं. पेन्शनीला चौदा महिने उरले होते. हे चौदा महिने या खोलीत, या स्टुलावर निघाले की सुटले, एवढंच तिचं म्हणणं होतं. मोठी स्वप्नं पाहायची सवय तिला नव्हती.

मार्चमध्ये चापेको शहरातून लिसियाने वोल्फार्त आली. तिशीची इंजिनियर, केस घट्ट बांधलेले, हातात घड्याळ आणि पाटीसारखा टॅब्लेट. कारखान्यात कुठे किती माणसं, किती पाणी, किती मिनिटं वाया जातात ते शोधायचं, हे तिचं काम. पोरगी वाईट नव्हती. बायकांनी तिला "मिनिटवाली" म्हणायला सुरुवात केली तेव्हा तीही हसली. थंड खोलीत ती सगळ्यांबरोबर आठ तास उभी राहायची, आणि एवढं कुठलाही साहेब करत नसे.

दुसऱ्या आठवड्यात ती धारेच्या खोलीत आली. वयानं मोठ्या बाईला इथे मानानं 'दोना' म्हणत, तसंच तीही म्हणाली.

"दोना नेल्सी, एका सुरीला तुम्ही किती वेळ देता?"

"सुरी मागेल तेवढा."

"हे मला लिहिता येत नाही."

"मग नका लिहू."

इव्होने तोंड फिरवून हसली. लिसियाने मात्र खाली बसली आणि सरळच बोलली. एक यंत्र येणार होतं. सगळ्या सुऱ्यांना ते एकाच कोनात धार लावणार होतं, पहाटे एकदा, जेवणाच्या सुट्टीत एकदा. चौघांचं काम एक माणूस करणार. एका कोंबडीमागे कारखान्याला सुटतात मोजके सेंताव्हो, नुसती चिल्लर. दाण्याचा भाव वाढला की तेही सुटत नाहीत. मग साहेब लोक माणसं मोजायला लागतात.

"म्हणजे तिघांना घरी बसवणार," नेल्सी म्हणाली.

"घरी नाही. पट्ट्यावर. तिथे माणसं कमीच आहेत. आणि यंत्रावर तुम्ही. तुमचा अनुभव सगळ्यांत जास्त, शिवाय डॉक्टरांचं पत्र आहे. तुमचे चौदा महिने कुठेही जात नाहीत."

नेल्सीला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. इव्होने समोरच बसली होती.

आधी पाच दिवस यंत्र चालवून पाहायचं ठरलं. पहिल्या पट्ट्याच्या सुऱ्या नेहमीप्रमाणे खोलीत येणार, दुसऱ्या पट्ट्याच्या यंत्रावर जाणार. काय मोजणार, हे कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. बायकांना वाटलं, मिनिटं मोजतात. नेल्सीलाही तसंच वाटलं. प्रयोगशाळेतली पोरगी दर तासाला दोन्ही पट्ट्यांवरून तीस-तीस हाडं बादलीत घालून नेत होती. पण ती बादल्या घेऊन बारा महिने हिंडत असे, तिच्याकडे कोण बघतं?

सोमवारी सकाळी यंत्राच्या सुऱ्या चकाचक निघाल्या. सात वाजता त्या कापत होत्या. नऊला कापेनाशा झाल्या. एकाच कोनातली धार, अधू अंगठ्यालाही तीच आणि रोझलीनच्या जोरालाही तीच.

जेवणाची सोडून सकाळी नऊला वीस मिनिटांची एक सुट्टी असते, दुपारी आणखी एक. या सुट्ट्या कायद्यानं दिलेल्या. त्या वेळात कुणी कामाला हात लावला आणि वरून तपासनीस आला तर कारखान्याला दंड बसतो. सुट्टीला जाताना सुऱ्या टोपलीत ठेवून बाहेर यायचं, आणि दुसऱ्या पट्ट्याची टोपली राहायची हात धुवायच्या कट्ट्यावर, नेल्सीच्या खिडकीपासून चार पावलांवर.

"कोमाद्रे," मार्लिझेनं खिडकीत डोकं घातलं. नेल्सी तिच्या मुलीची धर्ममाता, त्यामुळे तीस वर्षं दोघी एकमेकींना याच नावानं हाक मारत. "अगं, त्या यंत्रानं सुरी दिलीय की चमचा? बघ माझा खांदा."

"तुझा खांदा बघायला मी काय डॉक्टर आहे?"

"डॉक्टर नुसती गोळी देतो. तू फक्त दोन हात फिरव. माझ्या एकटीच्या सुरीवर."

नेल्सी उठली. पोलादी कांडी घेतली आणि मार्लिझेच्या सुरीवर दोन हात फिरवले. शेजारचीची तशीच दिसली, तिच्यावरही फिरवले. तिच्या शेजारची रोझलीनची, तिची धार तर पार दुमडली होती. अशी सुरी हातात येऊन ती तशीच परत खोचणं नेल्सीच्या हातून झालं नसतं. तेवीस वर्षांत झालेलं नव्हतं. वीस मिनिटांत चोवीस सुऱ्या झाल्या, कॉफी राहिली.

दुपारी तेच. मंगळवारी दोन्ही वेळा तेच. कुणी तिला विनंतीही करेना, टोपली नुसती खिडकीच्या बाजूला सरकवून बायका निघून जात. "देवानं तुला एक हात जास्त द्यायला हवा होता, मावशी," रोझलीन म्हणाली. "आहेत तेच पुरेत, तू जरा जोर कमी लाव," नेल्सी म्हणाली. यात कुणाला काही चोरटं वाटलं नाही. शेजारणीनं मीठ मागितलं की आपण देतो, तसंच ते होतं.

बुधवारी दुपारी लिसियाने खोलीवरून जाताना थांबली. चेहरा उजळलेला.

"खरं सांगू दोना नेल्सी? मला वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं यंत्र हाडाला मांस सोडेल. पण दोन्ही पट्ट्यांची हाडं सारखीच निघताहेत. तीस हाडं खरवडली की पंच्याण्णव ग्रॅम, इकडेही आणि तिकडेही."

"हाडं तोलताय तुम्ही?"

"मग आणखी काय तोलणार? सगळा खर्च तिथेच असतो. पगारात वाचलेलं हाडावर गेलं तर काय उपयोग?"

ती गेली. नेल्सी हातातली सुरी हातातच धरून बसून राहिली. पोरीनं बरोबर तीच गोष्ट मोजली होती जी मोजायला हवी. आणि नेल्सी तीन दिवस रोज दोनदा, आपली कॉफी सोडून, ते माप खोटं करत होती. आपल्या खोलीला आपल्याच हातानं कुलूप घालत होती. फक्त आपल्याच कुठे? इव्होनेच्याही. इव्होनेला दोन लहान मुली होत्या आणि पाठीचं दुखणं होतं.

रस्ता सोपा होता. हात आखडता घ्यायचा. उरलेले दोन दिवस टोपलीकडे पाठ करून बसायचं. हाडं आपोआप बोलतील.

गुरुवारी सकाळच्या सुट्टीत तिनं तसंच केलं. कॉफी ओतून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"कोमाद्रे, टोपली."

"आज नाही."

"का? हात मोडला?"

"सुट्टी आहे माझी. कायद्याची."

"कायद्याची!" मार्लिझे बाकीच्यांकडे वळली. "ऐकलं का गं, बाईसाहेबांना कायदा आठवला. यंत्रावरची खुर्ची मिळणार ना, आतापासून साहेबीण झाली."

म्हणजे खुर्चीची बातमी गावभर झाली होती. नेल्सीच्या जिभेवर खरं कारण आलं आणि तिनं ते गिळलं. चोवीस बायकांना सांगितलं की हाडं तोलताहेत म्हणून सुऱ्या बोथटच राहू द्या, तर तेही माप खोटंच. त्यातल्या निम्म्या जणी मुद्दाम मांस सोडतील. सगळ्यांना ती ओळखून होती.

पट्टा सुरू झाला. खोलीच्या काचेतून दुसरा पट्टा दिसतो. नेल्सीनं पहिल्या पट्ट्याची टोपली पुढे ओढली आणि वर बघायचं नाही असं ठरवलं. दहा मिनिटांनी बघितलं. मार्लिझेचं कोपर वर गेलं होतं. तिच्या शेजारणीचं गेलं. साडेदहाला ओळीनं अकरा कोपरं वर होती, आणि मांड्या तेवढ्याच वेगानं येत होत्या, मिनिटाला चार. मार्लिझे दर दोन मांड्यांनंतर खांदा कानाशी नेई आणि खाली सोडी. त्या खांद्यात गेल्या जूनमध्ये सुई टोचली होती, आणि दवाखान्यात नेल्सीच तिच्यासोबत बसली होती.

अकराच्या सुमाराला रोझलीनची सुरी घसरली. धारदार सुरी मांसात जाते, बोथट सुरी हाडावरून सटकते. सटकली ती डाव्या हातावर आली. हातात पोलादी जाळीचा मोजा होता म्हणून नुसता खण्ण आवाज झाला. रक्त आलं नाही. रोझलीन क्षणभर हात वर धरून उभी राहिली, बोटं मोजल्यासारखी. मग पुढची मांडी उचलली, कारण पट्टा थांबला नव्हता.

दुपारच्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा नेल्सी टोपलीजवळ आधीच उभी होती.  नुसती कांडी नाही, निसणाही घेऊन आली होती. मार्लिझे हात धुवत बाजूला उभी राहिली, तिनंही टोमणा मारला नाही. शुक्रवारीही दोन्ही वेळा नेल्सीनं चोवीस सुऱ्या केल्या. एखादी बाई मोठा नेम करते आणि अर्ध्या दिवसात मोडते, तसं झालं होतं. त्याचं तिला हसूही आलं. पण रोझलीनची बोटं पणाला लावून आपली खोली वाचवायची, हे काही तिला जमण्यातलं नव्हतं.

शुक्रवारी पाच वाजता लिसियानेनं तिला कार्यालयात बोलावलं. यंत्राच्या कामाबद्दल बोलायचं होतं. पडद्यावर दोन रेघा होत्या, पहिल्या पट्ट्याची निळी, दुसऱ्याची लाल. दोन्ही हातात हात घालून चाललेल्या. एकाच जागी लाल रेघ डोंगरासारखी वर गेली होती.

"हे काय?" नेल्सीनं बोट ठेवलं.

"हं, ते सोडा. गुरुवारी सकाळी दहा ते बारा. एकशे पंच्याऐंशी ग्रॅम दाखवतंय. काहीतरी चुकलंय. बहुतेक प्रयोगशाळेच्या पोरीनं तोलताना हाडांचंही वजन धरलं असेल. मी त्या नोंदी काढून टाकतेय, अशी एखादी विचित्र नोंद काढावीच लागते."

नेल्सी खुर्चीत बसली. तिला इतकी सोपी गोष्ट करायची होती: गप्प बसायचं. चौदा महिने यंत्राशेजारी, बटण दाबत, उबेत. रेघ पुसली जाणार होती, आणि पुसणारी दुसरीच होती. इव्होनेला कधी कळलं नसतं. मार्लिझेला कळलं नसतं, तिचा खांदा मात्र रोज नऊ वाजता दुखला असता, आणि खिडकीत कांडी घेऊन उठणारं कुणी नसतं. यंत्रावर एकच माणूस, दोन्ही पट्ट्यांच्या सुऱ्या त्याच्या एकट्यावर; त्याला सुट्टीतही मान वर करता येणार नव्हती.

"ती नका काढू," ती म्हणाली. "तीच तेवढी खरी आहे."

"म्हणजे?"

"बाकीच्या काढा. बाकीच्या वेळी दुसऱ्या पट्ट्याच्या सुऱ्या मी केल्यात. सुट्टीत, कट्ट्यावर. गुरुवारी सकाळी केल्या नाहीत."

लिसियानेनं पडद्यावर नेलेलं बोट मागे घेतलं.

"पाचही दिवस?"

"ती एक सकाळ सोडून."

"दोना नेल्सी, ती कायद्याची सुट्टी आहे. तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"तेवीस वर्षं आहे ठाऊक."

"कुणी सांगितलं तुम्हाला करायला?"

"हातात बोथट सुरी आली की मला कुणी सांगावं लागत नाही."

"असं नाही चालत. नाव द्या. एकटीवर येईल सगळं."

"माझंच लिहा. कांडी माझ्या हातात होती."

पोरीनं टॅब्लेट उलटा ठेवला आणि डोळे चोळले. राग आला होता तिला, आणि तो खराच होता; पाच दिवसांची मेहनत गेली होती. पण ती हिशेबाची बाई होती. दोन मिनिटांनी तिनं टॅब्लेट परत सुलटा केला आणि ओठांतल्या ओठांत आकडे म्हणायला लागली. एका मांडीमागे तीन ग्रॅम. दिवसाला पाऊण लाख मांड्या, त्यातल्या निम्म्या बोथट धारेच्या वेळातल्या. शंभर किलोच्या वर मांस रोज हाडाबरोबर हाडं दळायच्या खोलीत जाणार, आणि दळणाचा भाव मांसाच्या पाव हिश्शाचाही नाही.

"आणि गंमत बघा," ती कडवट हसली, "दळण वाढलं म्हणून त्या खोलीला मी शाबासकीही दिली असती."

पुढच्या आठवड्यात तीन दिवस चाचणी पुन्हा झाली. नेल्सीला त्या दिवसांत घरी बसवलं होतं. घरी बसून तिनं पालेफाट्याची एक फांदी ठेवली नाही, सगळं कुंपण छाटून काढलं. नवरा व्हाल्मोर व्हरांड्यात माते नावाच्या कडू चहाचा तुंबा घेऊन बसला होता. त्यानं एकदाच विचारलं, "गप्प बसली असतीस तर?" ती म्हणाली, "तर मातेत पाणी कोण ओतणार, मी की तू? हे गार झालंय." त्यानं पुन्हा विचारलं नाही.

तीन दिवस रेघ डोंगरासारखी वर राहिली. यंत्र परत गेलं. धारेची खोली राहिली, दोन माणसं कमी करून. दोघा पुरुषांतला एक आपणहून सामान चढवण्याच्या विभागात गेला. आणि नेल्सीच्या हातात एक कागद आला. सुट्टीत काम करून कारखान्याला धोक्यात घातल्याबद्दल लेखी ताकीद, आणि धारेच्या खोलीतून बदली. डॉक्टरांचं पत्र होतं म्हणून पट्ट्यावर नाही. जाळीचे मोजे वाटायच्या खिडकीवर. सकाळी दोनशे मोजे द्यायचे, संध्याकाळी दोनशे परत घ्यायचे, मधे बसायचं. बाकीचे महिने असे.

लिसियानेनं कागद स्वतः आणून दिला होता. "मी अहवालात लिहिलं की खोली का ठेवायची ते तुमच्यामुळे कळलं," ती म्हणाली. "त्यांनी ते वाचलं. मग यावरही सही केली."

"दोन्ही खरंच आहे," नेल्सी म्हणाली, आणि सही केली. अन्याय झाला असं ती कधी म्हणाली नाही. नियम मोडला होता आणि त्याची किंमत होती. पण स्टूल गेलं ते गेलंच, आणि पहिले काही दिवस तिच्या हाताला कळेना की मोजे देऊन झाल्यावर करायचं काय.

मार्लिझे आठ दिवस बोलली नाही. तीन दिवसांच्या दुसऱ्या चाचणीत तिचा खांदा पार गेला होता, आणि ती चाचणी कुणामुळे झाली ते तिला ठाऊक होतं. नवव्या दिवशी मोजा घेताना ती खिडकीतून हलेना. मागे रांग खोळंबली.

"इव्होने माझं टोक फार पातळ करते," ती शेवटी म्हणाली. "दहा वाजता वाकतं."

"मग तिला सांग."

"तू सांग ना. तुझं ऐकेल ती."

"मी कशाला? खिडकी तिची आहे आता. पट्ट्यामागे ये म्हणावं, दोन दिवस उभी राहा, बघ मी कशी कापते."

"मिनिटवाली उभं राहू देईल?"

"विचारून तर बघ. डावा हात पुढे कर, हा मोजा मोठा होतोय तुला."

मार्लिझेनं हात पुढे केला. नेल्सीनं दुसरा मोजा शोधून काढला, मनगटाशी पट्टा ओढून बसवला, आणि पुढच्या बाईला हाक मारली.